पाण्याचा विषय

धुळ्याला देवपुरात आमचं दुकान होतं. वह्या, पेनं, शाईच्या बाटल्या, लग्नपत्रिकांचे नमुने आणि सकाळी वर्तमानपत्रं. दुकान कॉलनीच्या तोंडाशीच, त्यामुळे कामावर निघालेला किंवा कामावरून परतलेला प्रत्येक जण आमच्या ओट्यासमोरून जायचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांत त्या ओट्यावर मी दर शनिवारी संध्याकाळी बैठक भरवायला लागलो.

सुरुवात अगदी साधी होती. कॉलनीच्या रस्त्यावर गटारीवरची फरशी तुटली होती. एक शिक्षक सायकलसकट त्यात पडले आणि हात गळ्यात बांधून फिरू लागले. जो तो दुकानात येऊन नगरपालिकेला शिव्या द्यायचा आणि वर्तमानपत्र घेऊन निघून जायचा. एकदा मी म्हटलं, "वेगवेगळ्या वेळी येऊन माझ्याजवळ बोलण्यापेक्षा एका वेळी या आणि एकमेकांशी बोला." शनिवारी चार माणसं जमली. अर्ज लिहिला, सगळे मिळून कचेरीत गेलो, आणि पंधरवड्यात नवी फरशी पडली. तिथून लोकांना गोडी लागली. पुढे खांबावरचे दिवे झाले, मोकाट कुत्री झाली, मोकळ्या प्लॉटवरचा उकिरडा झाला.

बैठकीचा नियम एकच होता. बोलायचं ते आपल्या कॉलनीपुरतं. दिल्लीत कोणाचं सरकार पडलं, शारजात कोण हरलं, ते बोलायला चौकात पानटपरी होती. दुकानाच्या दारावर मी एक काळा फळा टांगला होता. त्यावर शुक्रवारी विषय लिहायचो. कोणी विषय सोडून भलतीकडे गेलं की डस्टर फळ्यावर आपटायचो. खडूची धूळ उडायची, बोलणारा ओशाळून थांबायचा, आणि लोक हसायचे. मला ते आवडायचं, हे लपवण्यात अर्थ नाही. लोक मला 'बैठकवाले भाऊ' म्हणायला लागले होते. एका स्थानिक वर्तमानपत्रात दोन बोटांएवढी बातमी आली होती, ती मी काचेत बसवून गल्ल्यामागे लावली होती.

त्या साली उन्हाळा चैत्रातच तापला. पांझरेच्या पात्रात नुसते गोटे दिसायला लागले. नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागलं, तेही सकाळी थोडा वेळ. मी शुक्रवारी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'पाणी' लिहिलं.

शनिवारी ओटा भरला, पण विषय काही केल्या वाहेना. एकाने खांबाच्या दिव्याचं काढलं. दुसऱ्याने लग्नाच्या मांडवात रात्रभर वाजणाऱ्या कर्ण्याचं. मी डस्टर आपटून आपटून हैराण झालो.

"विषय पाण्याचा आहे," मी म्हटलं.

आबा नेहमी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, कॉलनीत सगळ्यांत वडीलधारे. ते म्हणाले, "पाण्याचं काय बोलायचं? वरूनच कमी सुटतंय."

"वरून कमी सुटतंय हे खरं. पण जे सुटतंय ते सगळ्यांना सारखं मिळतंय का?"

आबांनी टोपी काढून पुन्हा घातली.

पुढच्या शनिवारीही फळ्यावर मी 'पाणी'च ठेवलं. लोक टाळतायत हे मला दिसत होतं आणि त्याचा रागही येत होता. काही घरांनी नळाला विजेची मोटार जोडलीय, हे दुकानात माझ्या कानावर आलं होतं. मोटार लावली की लाइनीतलं पाणी त्या घरात ओढलं जातं आणि पुढच्या घरांच्या नळातून नुसती हवा फुसफुसते. कोणाकडे मोटार आहे ते मात्र कोणी सांगत नव्हतं. मी उभा राहिलो आणि चांगलंच बोललो. शेजाऱ्याच्या घशातलं पाणी ओढणारा माणूस आणि चोर यांत फरक काय, असंही बोललो. कोणी खोकलं, कोणी चपलेचा अंगठा नीट केला. आपले शब्द वर्मी लागले असं मला वाटलं, आणि घरी जाऊन मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मंगळवारी दुपारी रस्ता सामसूम असताना आबा दुकानात आले. काही घ्यायचं नव्हतं. पत्रिकांचे नमुने उगाच चाळत बसले.

"भाऊ, तेवढा पाण्याचा विषय मिटव."

"का म्हणून, आबा?"

"उन्हाळ्याचे दिवस. लोकांची डोकी तापलेली असतात. पाऊस पडला की आपोआप मिटेल."

मी त्यांच्याकडे रोखून बघितलं. माझ्या मनात भलताच संशय आला. "आबा, तुमच्याकडे तर मोटार नाही ना?"

त्यांनी नमुने बाजूला सारले. मग म्हणाले, "माझ्याकडे नाही रे बाबा." आणि उठून उन्हात निघून गेले. त्या 'माझ्याकडे'वर त्यांनी किती जोर दिला होता, ते मला तेव्हा ऐकूच आलं नाही.

तिसऱ्या शनिवारी ती बाई बोलली.

आमच्या बैठकीला बायका ओट्यावर बसत नसत. विजेच्या खांबाजवळ उभ्या राहून ऐकायच्या. ही बाई लाइनीच्या अगदी शेवटच्या घरात राहायची. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. ती घरी ब्लाउज शिवायची. दोन लहान मुली आणि अंथरुणाला खिळलेले सासरे. तिला मी बैठकीत कधी बोलताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ती खांबापासून पुढे आली आणि ओट्याच्या पायरीशी उभी राहिली.

"भाऊ, तुम्ही दर शनिवारी विचारता, मोटार कोणाकडे आहे. तुम्ही खरंच विचारता, की आमची गंमत करता?"

"गंमत कशाला करीन? तुम्हाला माहीत असेल तर नाव सांगा. इथे कोणाची भीडभाड नाही."

"मग ऐका. पहिली मोटार तुमच्याच घरी लागली. मागच्या उन्हाळ्यात. तुमची बघून बाकीच्यांनी लावल्या."

मी हसलो. खरोखर हसलो. आणि हसत हसत लोकांच्या तोंडाकडे बघितलं, की आता कोणीतरी म्हणेल, काहीतरी काय बोलता वहिनी. कोणाच्याच चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. गटारीत पडलेले ते शिक्षक जमिनीकडे बघत होते. आबांनी डोळे मिटले होते. खांबाजवळच्या बायकांनी तोंडाला पदर लावले होते, हसू दाबायला की दुसऱ्या कशासाठी, कळत नव्हतं. तेव्हा मला समजलं की हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तीन शनिवार ही सगळी माणसं माझी लाज राखायला दिव्याचं आणि कर्ण्याचं बोलत होती.

"असं होणं शक्य नाही," मी म्हटलं. ते बोलायला नको होतं.

"राहू द्या हो भाऊ," कोणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं. "पुढचा विषय घ्या."

पुढचा विषय कुठून घेणार? मी दुकानाचं शटर ओढलं. ओट्यावरची माणसं उठली, आणि जाताना प्रत्येकाने मला नेहमीपेक्षा जास्त अदबीने नमस्कार केला. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

घराच्या मागच्या बाजूला जळाऊ लाकडं रचलेली असायची. त्यांच्याशेजारी एक गोणपाट पडलेलं असायचं. मी ते रोज बघत होतो. त्या संध्याकाळी ते उचललं. खाली मोटार होती. स्वच्छ पुसलेली. नळापासून आलेली रबरी नळी तिच्यात घुसवलेली आणि तारेने घट्ट आवळलेली.

मागे दारात बायको उभी होती.

"तुला माहीत होतं?"

"मीच तर चालू करते. माय नळाजवळ बसतात, मी बटण दाबते."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही फळ्यावर लिहिलं असतं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. जे झालं असतं तेच तिने सांगितलं.

पाणी यायचं सकाळी सहाच्या सुमाराला. त्या वेळी मी रोज बसस्टँडवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे घ्यायला गेलेलो असायचो. परत यायचो तोवर हंडे भरलेले, टाकं भरलेलं, अंगण सारवलेलं. आंघोळीला दोन बादल्या लागायच्या त्या तयार असायच्या. हे पाणी घरात येतं कसं, असा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत कधी पडलाच नव्हता. सबंध कॉलनीला मी पाण्याचे प्रश्न विचारत होतो आणि स्वतःच्या मोरीत कधी डोकावलो नव्हतो.

माय स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. माय साक्रीकडच्या डोंगरातल्या गावची. इतकी वर्षं धुळ्यात काढली तरी घरात ती अहिराणीच बोलायची. तिने वर बघितलं नाही.

"तुले आज समजनं का?" ती म्हणाली.

"माय, का लावली मोटार?"

तिने मेथीची पानं खुडणं थांबवलं नाही. मी पुन्हा विचारलं. मग मी आवाज चढवला, शेवटी ओरडलोही. दुकानाच्या ओट्यावर मी कधी इतका ओरडलो नव्हतो. ती उठली, मेथीची काडकं गोळा केली आणि बाहेर शेळीला टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी जळगावला निघून गेलो. घाऊक बाजारातून शाळेच्या वह्या आणायच्या आहेत असं सांगितलं. जूनला अवकाश होता आणि वह्या धुळ्यातही मिळाल्या असत्या, हे बायकोला ठाऊक होतं. एसटीत खिडकीशी बसलो. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा आमच्या कॉलनीतलं कोणी चढतंय की काय म्हणून मी तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं. कोणी चढलं नाही. तरी जळगाव येईपर्यंत ते तसंच धरून बसलो.

बहीण जळगावला दिलेली. मेव्हण्यांची रावेरकडे थोडी केळी होती, ते तिकडेच गेले होते. बहिणीने पाणी दिलं, आणि मी न विचारताच म्हणाली, "मोटारीचं झालं का काही?"

मी तांब्या खाली ठेवला. "तुलाही माहीत आहे?"

"माय मागच्या दिवाळीत म्हणाली होती."

मी तिच्यासमोर रडलो नाही, पण जवळपास तसंच झालं. थोड्या वेळाने तिने सांगितलं ते असं.

आमचं घर मुरमाच्या उंचवट्यावर बांधलेलं. वडिलांनी पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून मुद्दाम तशी जागा घेतली होती. त्यामुळे नळाला जोर कमी. लाइनीत पाणी भरपूर असायचं तोवर भागायचं. मागच्या उन्हाळ्यात ते कमी झालं आणि आमच्या नळाची धार करंगळीएवढी झाली. माय हंडा घेऊन खालच्या घरांकडे जायला लागली. कधी एकीकडे, कधी दुसरीकडे. एका दारात दोघी-तिघी उभ्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "पोरगा साऱ्या कॉलनीच्या बैठका घेतो आणि आई हंडा घेऊन दारोदार फिरते." बाकीच्या हसल्या. माय रिकामा हंडा घेऊन परत आली. लहानपणी ती नदीच्या वाळूत झिरा उकरून, वाटीवाटीने पाणी भरून डोक्यावरून आणायची. त्या कष्टाचं तिला काही वाटत नव्हतं. पण हे हसणं तिला लागलं. माझ्या नावावर हसल्या म्हणून लागलं. आठ दिवसांत तिने हातातल्या पैशातून मोटार आणवली.

"मला म्हणाली, माले लाज वाटनी," बहीण म्हणाली. "तुझी लाज वाटली असं नाही. तुझ्यासाठी वाटली."

मी जळगावला तीन दिवस काढायचे ठरवले होते. दुसऱ्याच दिवशी परत निघालो.

घरी आलो तर लाकडांशेजारी गोणपाट घडी घालून ठेवलेलं. खाली काही नव्हतं.

"मोटार काढी टाकी," माय म्हणाली. नळवाल्याला बोलावून तिनेच काढवली होती आणि त्यालाच देऊन टाकली होती. त्यावर आमचं बोलणं झालं नाही. ती पुढे बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. जेवायला वाढायची आणि समोरून उठून जायची.

मोटार गेली, धार पुन्हा करंगळीएवढी झाली. मग धुळ्यात तेव्हा सगळे करायचे तेच आम्ही केलं. दारासमोर खड्डा खणला, जमिनीखालच्या नळीला तिथे तोटी बसवली, म्हणजे पाणी जरा खाली उतरतं. खड्ड्यात उतरून, उकिडवं बसून तांब्याने हंडा भरायचा आणि वर द्यायचा. वर्तमानपत्रं आणायला मी दुसऱ्या एकाला सांगितलं आणि खड्ड्यात उतरू लागलो. पहिल्या दिवशी माय वर उभी राहून म्हणाली, "वर ये. लोक बघत शेत." लोक खरंच बघत होते. दूधवाला सायकल थांबवून बघत होता. बैठकवाले भाऊ बनियनवर खड्ड्यात बसलेले त्यांना प्रथमच दिसत होते. मला कुठे तोंड लपवावं कळेना, आणि खड्ड्यात असल्याने ते आपोआप लपतही होतं. हंडा वर देताना निम्मं पाणी अंगावर सांडायचं. माय ते बघायची आणि दुसरा हंडा खाली द्यायची.

मधल्या शनिवारी मी बैठक भरवलीच नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी लोक आले. मी आधीच बोललो. "आमच्या घरी मोटार होती. मला माहीत नव्हतं हे खरं, पण ते सांगून उपयोग नाही. ती काढलीय."

"झालं गेलं," आबा म्हणाले. "विषय संपला."

आणि खरंच संपला. मी फळ्यावरून 'पाणी' पुसलं. त्या जागी 'मोकळ्या प्लॉटवरची काटेरी झुडपं' लिहिलं. पुढच्या शनिवारी झुडपांवर छान चर्चा झाली. मी डस्टर आपटलं नाही. कोणी भलतीकडे गेलं तरी जाऊ दिलं. काचेतली बातमी काढून खणात टाकली. सकाळी खड्ड्यात बसलो की वरच्या अंगाच्या, म्हणजे लाइनीत आधी येणाऱ्या, घरांतून मोटारींची घरघर कानावर यायची. एका घरातली मी स्पष्ट ओळखत होतो. ज्यांचा हात गळ्यात होता त्या शिक्षकांच्या घरातली. पण कोणत्या तोंडाने बोलणार? मी मान खाली घालून तांब्या बुडवत राहायचो. लाज धरली की माणूस चांगला होतो अशी माझी समजूत होती, आणि त्या काळात मी स्वतःला बराचसा चांगला समजत होतो.

एका दुपारी ती शेवटच्या घरातली बाई दुकानात आली. मुलीसाठी पाटीवरची पेन्सिल हवी होती. मी पेन्सिल दिली, तिच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. ती पायरी उतरली आणि परत वर आली.

"भाऊ, तुम्ही फळ्यावरून पाणी का पुसलं?"

"आता मी कसं बोलू, वहिनी? माझ्याच घरी..."

"तुमची मोटार गेली. बाकीच्या आहेत तशाच आहेत. माझ्या नळाला आजही थेंब आला नाही. सासऱ्यांना पुसायला मी नदीपलीकडून रिक्षात पाणी आणते."

मी गल्ल्यातली नाणी उगाच नीट लावू लागलो.

"मी त्या दिवशी उभी राहिले ती तुम्हाला खाली बघायला लावायला नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, यांना एकदा कळलं की हे काहीतरी करतील. तुम्ही तर लाज धरून बसलात. तुमच्या लाजेने माझा हंडा भरतो का?"

आवाज चढला नव्हता. ती पेन्सिलचे पैसे ठेवून गेली. त्या शनिवारी ओट्यावर सगळ्यांच्या देखत मला जेवढी लाज वाटली होती, त्याहून जास्त या दुपारी वाटली. दुकानात कोणी नव्हतं. बघायला कोणी नसताना वाटलेली ती पहिलीच लाज असेल. इतके दिवस मी जे कवटाळून बसलो होतो त्यात पाण्याचा संबंधच नव्हता. मी कसा दिसतोय, एवढाच त्यात विषय होता.

मी उठून फळ्यावर पुन्हा 'पाणी' लिहिलं.

शनिवारी ओटा निम्मा रिकामा होता. वरच्या अंगाचे बरेच जण आले नाहीत. शिक्षक आले, आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "भाऊ, तुम्ही वर्षभर मोटार वापरली आणि आम्ही आता लगेच काढायची?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. पूर्वी मी डस्टर आपटलं असतं. आता म्हटलं, "सर, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. वापरली. रोज तिच्या पाण्याने आंघोळ केली." ते कोपऱ्यात जाऊन बसले.

आम्ही काही जण घरोघर गेलो. ती बाई बरोबर यायची. दार उघडणारा माणूस आधी माझ्याकडे बघायचा आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलायचं. ते प्रत्येक दारात सोसावं लागायचं. मी आधीच सांगून टाकायचो, "होय, आमच्याकडेच पहिली होती." असं सांगितलं की पुढचं बोलणं सोपं जायचं, पण सांगणं कधी सोपं गेलं नाही. काहींनी मोटारी काढल्या. काहींनी काढतो म्हटलं आणि गोणपाट बदललं. एकाने दार तोंडावर लावलं. आबा हे बघून म्हणाले, "मन वळवून हे व्हायचं नाही. लाइनच दोन भागांत तोडली पाहिजे."

त्यातून व्हॉल्व्हची कल्पना निघाली. लाइनीतून वरच्या घरांचा फाटा जिथे फुटतो तिथे एक व्हॉल्व्ह बसवायचा. आधी तो बंद ठेवायचा, म्हणजे शेवटच्या घरांना पाणी आधी मिळेल. मग वरच्यांना सोडायचं. वरच्यांनी मोटारी लावल्या तरी त्या वेळी त्यांच्या नळीत पाणीच नसणार. अर्ज झाला, कचेरीच्या चकरा झाल्या. तिथला एक साहेब मला ओळखत होता. "तुम्ही बैठकवाले ना?" त्याने विचारलं. पुढे त्याला काय माहीत असेल या धास्तीने मी "होय" एवढंच म्हटलं आणि कागद पुढे सरकवला. पावसाळा सुरू होऊन गेला तेव्हा कुठे व्हॉल्व्ह बसला. पण पाणीटंचाई पुढच्या उन्हाळ्यातही होतीच, तेव्हा तो कामाला आला.

एक अडचण झाली. शेवटच्या घरांना पाणी आधी मिळायचं, मग वरच्या फाट्याला. आमचं घर वरच्या फाट्यावर आणि त्यातही उंचावर. आमची पाळी येईपर्यंत जोर ओसरलेला असायचा. खड्ड्यात धार येईना. मी काही बोललो नाही. आमचं हे भोगणं बरोबरच आहे, असं मनाशी धरलं होतं.

माय मात्र बोलली. एका शनिवारी मी फळ्यावर हनुमान जयंतीच्या वर्गणीचं काहीतरी लिहून उभा होतो, तोच ती चालत येताना दिसली. डोक्यावर पदर, पायात चपला नाहीत. बैठकीला ती कधीच आली नव्हती. खांबाजवळ उभी राहील असं वाटलं. ती सरळ पायऱ्या चढली आणि ओट्यावर बसली. आबा स्टुलावरून उठू लागले, तिने हातानेच त्यांना बसवलं.

"आमनं घर उंचावर शे," ती म्हणाली. "आमले बी पानी पाहिजे. व्हॉल्व जरा लवकर फिरवा."

लोक एकमेकांकडे बघू लागले. जिच्या मोटारीची गोष्ट साऱ्या कॉलनीने चवीने सांगितली होती ती बाई भर बैठकीत पाणी मागत होती. मला वाटलं, जमीन फाटावी. "माय, आजचा विषय वेगळा आहे," मी हळूच म्हटलं.

"मंग लिखी ले," ती म्हणाली.

शेवटच्या घरातली बाई खांबाजवळून पुढे आली. "अक्का, व्हॉल्व्ह लवकर फिरवला तर माझ्या टाक्यात पाणी चढत नाही."

"तुन्हं टाकं केवढं शे?"

"सासऱ्यांचं करावं लागतं, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत शे. तुन्हं भरू दे. पन तुन्ह्या शेजारनीच्या अंगनात पानी सांडस ते बंद कर. ते आमले भेटाले पाहिजे."

शेजारीण तिथेच उभी होती. ती तावातावाने पुढे आली. तिघी एकाच वेळी बोलू लागल्या. माय अहिराणीत, त्या दोघी आधी मराठीत आणि मग अहिराणीतच. पुरुष गप्प बसून ऐकत होते. शिक्षक हसत होते. मोटारीचं नाव कोणीतरी आता काढणार, या धास्तीने माझे कान तापले होते. शेजारणीने ते काढलंच. "आधी मोटार लावायची आणि आता आम्हाला शिकवायचं?" माय तिच्याकडे बघून म्हणाली, "लायी व्हती. काढी टाकी. आते खड्ड्यात बसतस आम्ही. तू येऊन बघ." आणि पुन्हा सांडणाऱ्या पाण्याकडे वळली.

जे वाक्य दारोदार सांगताना माझी जीभ दर वेळी जड झाली होती, ते तिने एका दमात सांगून बाजूला ठेवलं. लोक माझ्याकडे बघत होते. मी बैठक घेणारा, कोणाला थांबवायचं ते मीच ठरवायचं. माझ्याने माझ्या आईला थांबवलं गेलं नाही आणि बोल असंही म्हणवलं नाही. मी लोकांकडे पाठ केली, वर्गणीचं पुसलं आणि त्या तिघींचं जसंजसं ठरत गेलं तसंतसं खडूने फळ्यावर लिहीत राहिलो.